ऑक्सिजन, फळं, सावली सोडून माणसाच्या जगण्यात झाडांचं काय महत्त्व आहे?

पुस्तकातली उत्तरं सोडून झाडांवर माणसाचं जगणं खरंच अवलंबून असतं का, असं तुम्ही विचारलंय. असतं. मी ते आमच्या बांधावर पाहिलंय, म्हणून एकाच झाडाबद्दल सांगतो. तिवर, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं खारफुटीतलं एक झाड.

माझं गाव अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात. आमची भातशेती मोठ्या भरतीच्या पातळीखाली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक बांध, आणि बांधाबाहेर चिखलात तिवरांची दाटी. लहानपणी हे झाड आम्हाला बिनकामाचं वाटायचं. फळ खाण्याजोगं नाही, लाकूड वाकडंतिकडं, बुंध्याशी कुजका वास. कुणी कोयता घेऊन तिकडे वळलं की आजोबा मात्र घरातून ओरडायचे.

मी सातवीत असताना बांधाबाहेरचा एक पट्टा साफ झाला. थोडी तिवरं सरपणाला गेली, बरीचशी कोळंबीच्या तळ्यांसाठी. पुढच्या पावसाळ्यात, लावणी आटपते न आटपते तोच अमावस्येच्या उधाणाला नेमकी तिथेच बांधाला खांड पडली. रात्रीतून खारं पाणी शेतात शिरलं. आठवड्याभरात रोपं पिवळी पडून झोपली. उन्हाळ्यात त्या जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला. पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत तीन वर्षं गेली, आणि ती तीन वर्षं आम्ही भातवाल्यांनी तांदूळ विकत आणून खाल्ला. आई दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जायची.

बांध तिथेच का फुटला, हे मला पुढे समजलं. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं बोटाएवढे सुळके वर काढून श्वास घेतात. एका झाडाभोवती असे शेकडो सुळके. लाट त्यांच्यात आणि खोडांत अडखळते, तिचा जोर मोडतो, पाण्यातला गाळ खाली बसतो. झाड गेलं की तीच लाट थेट बांधाचा पायथा पोखरते. माती कितीही चोपून घातली तरी तिच्यापुढे टिकत नाही.

हे आमच्याच गावापुरतं नाही. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढे केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की जिथे समुद्र आणि गाव यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा रुंद होता तिथे मृत्यू कमी झाले होते. झाडांमुळे जीव वाचतात याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

पोटाचंही तेच. तिवराचा पाला चिखलात पडतो, त्यावर खेकडे आणि बारीक जीव पोसले जातात, कोळंबीची आणि माशांची पिल्लं मुळांच्या आडोशाला वाढतात. जावई आला की खारेपाटात जिताडा मासा रांधतात. तो जिताडाही याच खाडीच्या जिवावर वाढतो.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये निकाल दिला, की खारफुटी नष्ट करणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो वाचताना मला आमचं ते पांढरं पडलेलं शेत आठवलं. २०२० मध्ये महाराष्ट्राने खारफुटीतल्याच पांढऱ्या चिपी या झाडाला राज्याचा कांदळवन (म्हणजे खारफुटी) वृक्ष ठरवलं, याचाही मला फार आनंद झाला.

आमची खांड घरटी एक माणूस जाऊन बुजवली, पण दोन पावसाळ्यांत तो बांध पुन्हा दोनदा खचला. टिकला तो बाहेर तिवर परत उभं राहिल्यावर. ते कुणी लावलं नाही. भरतीबरोबर बिया आल्या आणि चिखलात रुजल्या. आज ती झाडं डोक्यावर गेलीत. एप्रिलच्या दुपारी त्यांच्या पानांवर मिठाचे बारीक कण चमकतात, कारण मुळांवाटे आलेलं जास्तीचं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. आम्ही पोरं त्या पानांवर कैरीची फोड घासून खायचो.