घरपट्टी अडीचपट झाली, शिक्षण कर नाकारता येईल का?

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला लिपिक. महापालिका हद्दीत स्वतःचं बैठं घर आहे, वर गच्ची. मागच्या वर्षी खासगी कंपनीची माणसं येऊन मोजणी करून गेली. ६ मे रोजी विशेष नोटीस हातात पडली. करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर घरपट्टी आकारतात ती रक्कम, २१,६०० वरून ४८,६०० रुपये केलं आहे. घरपट्टी ७,५६० रुपये होती, ती आता १८,९४० होईल असं वॉर्ड ऑफिसात सांगतात. त्यात शिक्षण कराच्या दोन ओळी आहेत. माझी मुलं पालिकेच्या शाळेत कधी गेली नाहीत, आता तर दोघंही नोकरीला आहेत. गल्लीतल्या तीस-बत्तीस घरांनी ठरवलंय की शिक्षण कर वजा करून उरलेली रक्कम भरायची आणि ‘पटसंख्या नसलेल्या शाळांवरचा खर्च बंद करा’ असं निवेदन आयुक्तांना द्यायचं. मी सही करू का? आणखी एक. मागच्या खोलीत भाडेकरू आहेत, त्यांची मुलगी पालिकेच्याच शाळेत पाचवीला आहे. तिथे मुलींच्या स्वच्छतागृहाला वर्षभर दार नाही. मग आमचा कर जातो कुठे?

उत्तर : सही करू नका. आणि निवेदनाचं काय व्हायचं ते होवो, तुमचा स्वतःचा तक्रार अर्ज २१ मेच्या आत वॉर्ड ऑफिसात पोचला पाहिजे. मुदत तोंडावर आली होती म्हणून हे मी तुम्हाला फोनवर आधीच सांगितलं. तुम्ही १४ तारखेला अर्ज देऊन आवक क्रमांकासह पोच घेतलीत, हे बरं झालं. गल्लीतल्या बाकीच्या घरांना मात्र हे अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या अनुसूची ‘ड’ मध्ये, आठव्या प्रकरणाच्या नियम १५ नुसार, करयोग्य मूल्य वाढवलं की मालकाला किंवा भोगवटादाराला विशेष लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तक्रार करता येते. हे १५ दिवस वाया गेले की पुढचे बहुतेक दरवाजे बंद होतात. सामूहिक निवेदनात तीस सह्या असल्या तरी ती या नियमाखालची तक्रार ठरत नाही. प्रत्येक मिळकतीचा अर्ज वेगळा हवा, मिळकत क्रमांकासह.

आता शिक्षण कराकडे येते. ‘माझी मुलं त्या शाळेत गेली नाहीत’ हा युक्तिवाद माझ्याकडे वर्षातून दहा-बारा वेळा येतो. तो मनापासून केलेला असतो, पण कायद्यात तो टिकत नाही. कर आणि फी यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात स्पष्ट केला. फी ही एखाद्या सेवेच्या बदल्यात असते. कर मात्र सार्वजनिक कामासाठी कायद्याने सक्तीने घेतला जातो. भरणाऱ्याला त्याबदल्यात काय मिळालं, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. ज्याच्या घराला कधी आग लागली नाही तोही अग्निशमन कर भरतो. संविधानाच्या कलम २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही, पण इथे आधार आहे. आणि शाळा हा पालिकेच्या मर्जीचा खर्च नाही. प्राथमिक शाळा चालवणं हे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. त्यावर १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा आहे. त्याच्या कलम ९ खाली आपल्या हद्दीतल्या मुलांना मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणाची आहे. तेव्हा ‘खर्च बंद करा’ ही मागणी मान्य करणं आयुक्तांच्या हातातच नाही.

तुमच्या बिलात शिक्षणाच्या दोन ओळी का, हेही समजून घ्या, कारण गल्लीतली निम्मी चीड चुकीच्या पत्त्यावर चालली आहे. ‘मनपा शिक्षण कर’ ही पालिकेची स्वतःची ओळ. दुसरी ओळ आहे राज्य सरकारच्या शिक्षण उपकराची. तो महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी उपकर अधिनियम, १९६२ खाली आकारला जातो. पालिका तो फक्त वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. त्याचे दर विधिमंडळाने कायद्यात ठरवलेले आहेत, पालिका त्यात कमी-जास्त करू शकत नाही. दोन्ही ओळी वजा करून भरलेली रक्कम म्हणजे अपुरा भरणा, आणि राहिलेला आकडा थकबाकी. त्यावर दरमहा २ टक्के शास्ती (दंड), म्हणजे वर्षाला २४ टक्के. पुढे मागणीची नोटीस आणि मग जप्तीचं वॉरंट. अशा ‘सामूहिक निर्णया’नंतर तीन वर्षांनी एकेकटी माणसं शास्तीचा आकडा हातात घेऊन माझ्याकडे आलेली मी पाहिली आहेत. त्या वेळी सोबत गल्ली नसते.

मात्र तुमच्यावर अन्याय झालेला नाही, असं मी म्हणत नाही. झाला आहे. फक्त तो शिक्षण कराच्या ओळीत नाही, त्याच्या चार ओळी वर आहे.

बिलातला बहुतेक प्रत्येक कर करयोग्य मूल्याच्या टक्केवारीने येतो. हे मूल्य कसं काढतात? घर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल ते धरायचं, त्याचं वर्षाचं गणित करायचं आणि दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे (नियम ७). तुमचं जुनं मूल्य २१,६००, म्हणजे महिना २,००० रुपये भाडं धरलं होतं. नवं ४८,६००, म्हणजे ४,५०० रुपये. मूल्य खाली आलं की सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर आणि शिक्षणाच्या दोन्ही ओळी आपोआप खाली येतात. काही महापालिकांत कर भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या बाजारमूल्यावर आकारतात, तिथलं गणित वेगळं. तुमच्या नोटिशीवर मात्र स्पष्ट ‘करयोग्य मूल्य’ असंच आहे.

तुम्ही जोडलेल्या मोजणी तक्त्याची झेरॉक्स पुसट होती, मी ती भिंग घेऊन वाचली. तिसऱ्या रकान्यात लिहिलंय, ‘तळमजला, समोरील खोली, १३२ चौ. फूट, वापर : बिगरनिवासी’. मी फोनवर विचारलं तेव्हा कळलं, त्या खोलीत सूनबाईंचं शिलाई मशीन आहे. मोजणीवाल्या मुलाने खिडकीतून मशीन आणि दोरीवर टांगलेले ब्लाऊज पाहिले आणि दुकान म्हणून टिक केली. आत येऊन कुणाला विचारलंसुद्धा नाही. त्या एका खुणेमुळे त्या खोलीला बिगरनिवासी भाडेदर लागला, राज्याच्या उपकराचा वरचा दर लागला आणि बिलाच्या तळाशी ‘रोजगार हमी कर’ अशी नवीन ओळ उगवली. शहरात हा रोजगार हमी उपकर बिगरनिवासी वापरावरच असतो. म्हणून निव्वळ राहत्या घराच्या बिलात ही ओळ दिसली, तर तुमच्या घराचा काही भाग कुणीतरी दुकान किंवा ऑफिस म्हणून नोंदवला आहे, असं खुशाल समजा. गल्लीतल्या प्रत्येकाने आज रात्री आपापल्या बिलात ही ओळ शोधावी.

सूनबाई घरच्यांचे आणि ओळखीच्या चार-पाच जणींचे कपडे शिवतात. पाटी नाही, दुकानाची नोंदणी नाही, विजेचं मीटर घरगुती. हे तिन्ही मुद्दे अर्जाला पुरवणी म्हणून द्या, मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि खोलीचे दोन फोटो जोडा : एक मशीनचा, दुसरा त्याच खोलीतल्या तुमच्या पलंगाचा. स्थळपाहणीची लेखी मागणी करा. पाहणीला अधिकारी आले की त्यांच्यासमोर टेप लावून माप घ्या आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचा मुद्दा जरा जपून. तक्त्यात ती २१० चौ. फूट ‘निवासी बांधकाम’ म्हणून धरली आहे. चारही बाजूंनी उघडी, गळती थांबवायला घातलेली शेड खोलीच्या दराने आकारू नये, एवढंच म्हणा. ती कधीपासून आहे, परवानगी होती का, यावर आपणहून परिच्छेद लिहू नका. अनधिकृत बांधकामावर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती बसू शकते. मी तुम्हाला खोटं बोला असं सांगत नाही. सुनावणीत विचारलं तर खरं उत्तर द्या. आणि परवानगीचे कागद नसतील तर सुनावणीआधी मला भेटा.

भाडेकरू मात्र मुळीच लपवू नका. तुम्ही तसं विचारलं नाहीत, पण शेजाऱ्यांनी ‘पाहुणे म्हणून सांगा’ असा सल्ला दिल्याचं पत्रात आहे. भाडेकरार नोंदवलेला आहे, तो ऑनलाइन सापडतो. एका खोलीची गोष्ट लपवलेली निघाली तर शिलाई मशीनबद्दलचं तुमचं खरं म्हणणंही कुणी मानणार नाही. उलट करारातलं प्रत्यक्ष भाडं दाखवा. त्या खोलीला पालिकेने धरलेलं भाडं त्याहून जास्त असेल, तर करार हाच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा.

सुनावणीत समाधान झालं नाही तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली अपील आहे, तुमच्या शहरात दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. मुदत निर्णयापासून पुन्हा १५ दिवसांचीच. त्यासाठी आधी तक्रार केलेली आणि निकाली निघालेली असावी लागते, शिवाय वादातली कराची रक्कम पालिकेत जमा करावी लागते. ही अट जाचक आहे असं मलाही वाटतं, पण ‘अनंत मिल्स विरुद्ध गुजरात राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये याच कायद्यातली ती अट वैध ठरवली. म्हणून बिल हातात आलं की पूर्ण रक्कम ‘हक्क राखून’, म्हणजे आपली तक्रार कायम ठेवून भरा. पावतीवर तसं लिहू देत नसतील तर त्याच दिवशी पत्र देऊन पोच घ्या. मूल्य कमी झालं की जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागता येते.

आता ‘आमचा कर जातो कुठे’. हा प्रश्न तुम्ही शेवटी, ओझरता विचारलात. मला तो पहिला वाटला. मी नगरपालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, आणि मधल्या सुट्टीत घरी पळत जाणाऱ्या मुलींपैकी मी एक होते. त्यामुळे दार नसलेलं स्वच्छतागृह म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको. त्या शाळेचा पट घसरला म्हणून खर्च बंद करा, असं निवेदन तुमची गल्ली देणार. पण दार नाही, म्हणून मुली सोडून जातात, म्हणूनच पट घसरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि पिण्याचं सुरक्षित पाणी ही शाळेची किमान अट आहे. करदाता म्हणून तुमचा हक्क इथे लागतो. कर नाकारायचा नाही, त्याचा हिशेब मागायचा.

माहिती अधिकारात शिक्षण विभागाला अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन अर्ज करा. पहिल्यात तीन वर्षांत मनपा शिक्षण कराची वसुली किती आणि शाळांच्या देखभालीवर खर्च किती, एवढंच विचारा. दुसऱ्यात फक्त या शाळेबद्दल : दुरुस्तीची मागणी कधी गेली, मंजुरी कधी मिळाली, कामाचं बिल निघालं का. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. बिल निघालंय आणि दार मात्र नाही, असं आढळलं तर ती प्रत मला पाठवा, त्याचं पुढे काय करायचं ते मी बघते.

त्याबरोबर भाडेकरू बाईंना शाळा व्यवस्थापन समितीबद्दल सांगा. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीचा शाळा विकास आराखडा हाच पालिकेच्या अनुदानाचा आधार असतो (कलम २२). दार त्या आराखड्यात लिहून घेतलं, की ‘तरतूद नाही’ हे उत्तर देणं पालिकेला अवघड होतं. बाईंना मराठी लिहायला जमत नाही असं तुम्ही म्हणता, पण तुम्ही आयुष्यभर टिपणं लिहिली आहेत. त्या सांगतील, तुम्ही लिहा.

राहिलं गल्लीचं निवेदन. ते फाडू नका, बदला. कराचे दर पालिकेला दरवर्षी २० फेब्रुवारीपूर्वी ठरवावे लागतात, त्यामुळे यंदाच्या दरावर आता भांडून उपयोग नाही. निवेदनात मोजणीच्या फेरतपासणीची मागणी करा, भाडेदरांचा तक्ता वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा म्हणा, आणि शाळांचा खर्च बंद करण्याची ओळ खोडून तिथे स्वच्छतागृहाचा मुद्दा घाला. अशा निवेदनावर तुम्ही पहिली सही केलीत तरी माझी हरकत नाही. शाळा जूनच्या मध्यावर उघडेल. सुनावणीची तारीख त्यानंतरची लागली तरी शाळेचे दोन्ही अर्ज या आठवड्यातच जाऊ द्या.