सगळंच आमवाताच्या खात्यावर टाकू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 54. बार्शी तालुक्यात राहते, घरी ब्लाउज शिवते. सात वर्षांपासून आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा रुमेटॉइड संधिवात, आहे. त्यासाठी दर मंगळवारी मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची एक गोळी चालू आहे. शिवाय बीपी, थायरॉइड आणि चार वर्षांपासून साखर. सकाळी सगळ्या गोळ्या, कॅल्शियमसुद्धा, चहाबरोबर एकदमच घेऊन टाकते. दिवाळीपासून रात्री दोन-अडीचला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की जरा बरं वाटतं. सकाळी सुईत दोरा ओवता येत नाही. सोसेना म्हणून मेडिकलमधून दुखायची गोळी आणते, दिवसातून दोनदा घेते. त्यातच नात्यातल्या एका बाईंनी वाताच्या पुड्या आणून दिल्या. रोज सकाळी एक, अडीच महिने झाले. पहिल्याच आठवड्यात इतकं बरं वाटलं की मी परत मशीनवर बसले. पण आता पावलं सुजतात, तोंड भरल्यासारखं दिसतं. साखर उपाशीपोटी 118 येते, जेवणानंतर मात्र 260-270. पुण्याचे संधिवाताचे डॉक्टर म्हणतात साखरेचं तिकडे विचारा, सोलापूरचे साखरेचे डॉक्टर म्हणतात हाताचं पुण्याला दाखवा. माझा आमवात वाढलाय का? मेथोट्रेक्सेट वाढवून घेऊ का? सोबत चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स पाठवते आहे.

उत्तर : ताई, मेथोट्रेक्सेट वाढवायचं का, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात त्याहून घाईची गोष्ट आहे, ती म्हणजे पुडी.

आठवड्यात मशीनवर बसण्याइतकं बरं वाटणं, मग तोंड भरणं, पावलं सुजणं, आणि उपाशीपोटीची साखर फारशी हललेली नसताना जेवणानंतरची एवढी चढणं. हे सगळं एका पत्रात वाचलं की माझ्या मनात पहिली शंका स्टिरॉइडची येते. एकोणतीस वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसून औषधं दिली. अशा पुड्या पदराच्या गाठीत बांधून आणणाऱ्या कितीतरी बायका पाहिल्या. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा साखरेवरचा जोर दुपारी-संध्याकाळी दिसतो आणि रात्रीतून ओसरतो. म्हणून नुसती उपाशीपोटीची साखर पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. तुम्ही जेवणानंतरची तपासलीत, हे फार चांगलं केलंत.

आता एक हात जोडून सांगते. पुडी रागाच्या भरात उकिरड्यावर फेकू नका. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी स्वतःचं काम कमी करतात. ते अचानक तोडलं तर उलट्या, भोवळ, बीपी एकदम खाली, असं जिवावर बेतू शकतं. पुडी कागदासकट पर्समध्ये टाका आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. पुण्याला जाणं जमत नसेल तर सोलापूरला जा, पण जा. ते टप्प्याटप्प्यानं कमी करून देतील. त्याआधीच उलट्या किंवा भोवळ सुरू झाली तर वाट न पाहता जवळचा दवाखाना गाठा आणि 'पुडीत स्टिरॉइड असावं' असं तोंडानं सांगा.

डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. बरं वाटलं म्हणून घेतलीत, यात लाजण्यासारखं काही नाही. 1948 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 मध्ये त्यांना आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना मिळून नोबेल मिळालं. साऱ्या जगाला तेव्हा वाटलं की औषध सापडलं. दुष्परिणाम मागाहून दिसले. आजही संधिवाततज्ज्ञ स्टिरॉइड देतात, पण मोजून आणि ठरावीक दिवसांपुरतं. पुडीत मोजमाप नसतं, आणि देणारा साखर, हाडं, डोळे यांतलं काही तपासत नाही.

मेडिकलमधली दुखायची गोळी मात्र आजच बंद करा. ती अचानक सोडली तर काही बिघडत नाही. तुमच्या चिठ्ठीवर बीपीची गोळी टेल्मिसार्टनची आहे आणि तिच्या नावापुढे 'एच' आहे. हा एच म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध. टेल्मिसार्टन, एच आणि वर डायक्लोफेनॅक किंवा एसेक्लोफेनॅकच्या जातीची गोळी, असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंडांवर फार ताण येतो. साखर असलेल्या माणसाच्या तर आणखीच. शिवाय बीपीही चढतं. आणि मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडांतूनच. ती मंदावली तर मंगळवारचा डोस अंगात साचत जातो. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी), लघवी, रक्तपेशींची मोजणी आणि लिव्हरची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. पावलांची सूज कशाची, हेही त्यातून बरंच उलगडेल. तोपर्यंत दुखण्याला पॅरासिटामॉल किती चालेल हे डॉक्टरांना फोनवर विचारा, ते सांगतील.

या साचण्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. मला आमवात 2003 पासून, थायरॉइड त्याच्या पाठोपाठ. 2011 च्या पावसाळ्यात लघवीला जळजळ होऊन ताप आला. शेजारच्या दवाखान्यात कोट्रायमोक्साझोल, म्हणजे सल्फाची गोळी, लिहून दिली. मेथोट्रेक्सेट चालू आहे का, असं तिथे कुणी विचारलं नाही आणि तापात मीही सांगितलं नाही. ही दोन औषधं एकत्र घ्यायची नसतात, कारण दोन्ही मिळून अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी तयार करणारा गाभा, दाबतात, हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं होतं. सहाव्या दिवशी तोंड इतकं सोललं की कोमट पाणीसुद्धा झोंबायचं. पांढऱ्या पेशी 1,900 पर्यंत घसरल्या आणि नऊ दिवस मी दवाखान्यात होते. तेव्हापासून कुठलंही नवं औषध हातात आलं की माझं पहिलं वाक्य एकच असतं : 'मी मेथोट्रेक्सेटवर आहे.' तुम्हीही हे वाक्य पाठ करा. साखरेमुळे लघवीचा संसर्ग तुम्हालाही होऊ शकतो.

आता हाताकडे येते. रात्री मुंग्यांनी जाग येणं आणि हात झटकल्यावर बरं वाटणं, हे वर्णन आमवाताच्या सुजेपेक्षा मनगटात नस दबल्याचं जास्त वाटतं. याला कार्पल टनेल म्हणतात. उद्या रात्री जाग आली की दिवा लावा आणि बोटं एकेक चाचपून बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर आणि करंगळी ठीक, असं असेल तर शंका आणखी पक्की. मनगटाच्या या बोगद्यात जागा मुळातच कमी. आमवाताची सूज ती आणखी अरुंद करते, साखर नसेला नाजूक करते, थायरॉइड कमी असला की तिथे पाणी धरतं. तुमच्याकडे तिन्ही कारणं हजर आहेत, आणि दिवसभर कात्री चालवणं हे चौथं. म्हणून 'हात दुखतोय, म्हणजे आमवात वाढला' असं लगेच म्हणू नका. आमवात उसळला की बहुतेकदा दोन्ही हातांचे सांधे सुजतात, गरम लागतात आणि सकाळचा ताठरपणा तासभर तरी जात नाही. साखरेच्या मुंग्या सहसा दोन्ही तळपायांपासून सुरू होतात. तुम्ही लिहिलेलं दुखणं एकाच हाताचं आणि रात्रीचं आहे.

मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून झोपा. नसेची तपासणी होते, ती डॉक्टर सांगतील. अंगठ्याच्या मुळाचा फुगवटा बसायला लागला असेल तर मात्र महिने घालवू नका. माझा उजव्या हाताचा बसला. चहाचं पातेलं सांडशीनं उचलताना ते हातातून सुटून पायावर पडलं, तेव्हा मी तपासणीला गेले. आता माझ्याकडे दोन कानांचं भांडं आहे, ते मी दोन्ही तळव्यांनी उचलते. मान दुखून दोन्ही हात लुळे पडल्यासारखे वाटले, चालताना पाय अडखळले, तर ते वेगळं आणि तातडीचं आहे. जुन्या आमवातात मानेचे मणके सरकू शकतात.

चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम घेता, ते बदला. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासानं. कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, म्हणजे सरळ दुपारच्या जेवणानंतर. एकत्र घेतलं तर कॅल्शियम थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाही. मग थकवा येतो, अंग जड होतं, आणि आपण म्हणतो आमवातानं खाल्लं. दोन महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा बघा. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला देतात ते फॉलिक ॲसिड, एक जीवनसत्त्व, तुमच्या चिठ्ठीवर कुठे दिसत नाही. राहून गेलं असेल तर विचारा. मी मेथोट्रेक्सेट मंगळवारी आणि फॉलिक शुक्रवारी घेते. वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासून घ्या आणि तिथे साखर व हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, दोन्ही सांगा. पडद्याला दोन्हींपासून जपायचं असतं, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनसाठीची तपासणी थोडी वेगळी असते.

छातीचंही थोडं सांगते. आमवाताच्या रुग्णाचा हृदयविकाराचा धोका मोजताना आलेला आकडा दीडपट धरावा, असं युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते. तुमच्याकडे साखर आणि बीपीही आहे. जिना चढताना धाप लागली, जबडा किंवा डावा खांदा भरून आला, तर त्यावर बाम चोळत बसू नका. ईसीजी काढून घ्या.

राहता राहिले दोन डॉक्टर. त्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं याचा मला राग येतो, पण पुढच्या भेटीपर्यंत आपण करायचं ते करू. एका फुलस्केप कागदावर डाव्या बाजूला सगळी औषधं डोससकट लिहा. पुडी, काढा, मलम, मेडिकलमधली गोळी, काही सोडू नका. उजव्या बाजूला शेवटचे आकडे तारखेसह : क्रिएटिनिन, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, टीएसएच, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी तपासणी). तळाशी एकच ओळ : 'हे औषध माझ्या बाकीच्या आजारांना चालेल का?' पुण्याला गेलात की हा कागद पुढे करा आणि डॉक्टरांना सोलापूरसाठी दोन ओळी त्याच कागदावर लिहून द्यायला सांगा. नाही म्हणणारा डॉक्टर मला फार क्वचित भेटला. एसटीत 2023 पासून आपल्याला बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा सुनेला बरोबर न्या. खोलीत आपण निम्मं विसरतो, ती ऐकून ठेवेल.

प्रश्न : आईला आमवात आणि दमा आहे. गोळ्यांनी भागत नाही म्हणून बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग अडवणारं) इंजेक्शन सुचवलंय. तिला 1998 मध्ये टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला. इतकं जुनं सांगायची गरज आहे का? (ठाण्याहून एक मुलगा)

उत्तर : नक्की सांगा, आणि जुने कागद मिळाले तर घेऊन जा. टीबीचे जंतू शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहू शकतात. त्यांना कोंडून ठेवणारी भिंत ज्या द्रव्याच्या जोरावर उभी असते, तेच टीएनएफ काही बायोलॉजिक औषधं अडवतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि मांटूची किंवा रक्ताची तपासणी करतात. टीबी होऊन गेलेल्यांची ही तपासणी पुढेही पॉझिटिव्ह राहू शकते, तेव्हा नुसत्या त्या अहवालावर घाबरू नका, छातीच्या डॉक्टरांचं मत घ्या. आमवातावरच्याच टोफासिटिनिब नावाच्या गोळ्या सुचवल्या तरी हीच काळजी. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर दम्याचा म्हणून सोडू नका.

प्रश्न : आमवातात दही, चिंच, टोमॅटो, डाळी सगळं बंद करा असं घरचे म्हणतात. मग खायचं काय? (सांगलीहून एक वाचक, वय 41)

उत्तर : आपल्याकडे 'वात' या एकाच शब्दात फार दुखणी कोंबली आहेत. डाळी आणि टोमॅटो बंद करायला सांगतात ते बहुधा युरिक ॲसिडच्या आजारावरून. तो आजार वेगळा, आणि त्यातही डाळींवर एवढी बंदी लागत नाही. आंबटानं आमवात वाढतो असं तपासण्यांतून सिद्ध झालेलं नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तुम्हाला दर वेळी त्रास होत असेल तर तो सोडा, शेजारणीला होतो म्हणून नको. स्नायू टिकवायला डाळ, अंडं, दूध लागतंच. सोडायची असेल तर तंबाखू आणि मिश्री सोडा. धूम्रपानानं आमवात बळावतो, आणि मिश्रीनं खराब झालेल्या हिरड्यांची साथ या आजाराला नको असते. मी बावीस वर्षं दुपारच्या जेवणात ताक पिते आहे, चवीला किंचित आंबटच.