धोका कमी झाला की नुसता दुसरीकडे गेला?

प्रश्न: मोठा अपघात झाला की लगेच नवी सिस्टीम बसवा, नियम कडक करा असं सुरू होतं. पण रेल्वे, विमान, हायवे एवढ्या पसाऱ्यात नेमका कुठला उपाय कामाचा हे ठरवतात कसं? ज्याने जास्त जीव वाचतील तोच ना?

उत्तर: हो तोच, पण जीव कुठले कुठले मोजायचे यातच खरी गोची आहे. 2005 मध्ये अमेरिकेच्या एफएएने (तिथली विमान वाहतुकीचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) दोन वर्षांखालच्या बाळांना विमानात वेगळी सीट सक्तीची करायची नाही असं ठरवलं. ऐकून राग येतो, मलाही आला होता. पण हिशोब असा की बाळाचं वेगळं तिकीट काढावं लागलं तर काही कुटुंबं विमान सोडून गाडीने निघणार, आणि रस्त्यावरचा धोका विमानापेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे एकूण मृत्यू वाढणारच. ब्रिटनमध्ये 2000 साली हॅटफिल्डला रूळ तुटून 4 जण गेले, मग जागोजागी गाड्यांचा स्पीड इतका कमी केला की लोक कंटाळून रस्त्याने जायला लागले. तेव्हा उपाय तपासताना फक्त आपलं रेल्वे किंवा विमान खातं बघू नका, माणूस घरातून निघून पोचेपर्यंतचा सगळा प्रवास बघा.

दुसरं म्हणजे महाग तेच चांगलं असं नसतं. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात रनवेवर दोन जंबो जेट धडकली, 583 माणसं गेली, आणि त्यात रेडिओवरच्या मोघम बोलण्याचा मोठा वाटा होता. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना (किंवा रद्द करताना) सोडून इतर वेळी वापरायचाच नाही असं ठरलं, यंत्र वगैरे काही बसवावं लागलं नाही. उलट अमेरिकेत 2008 च्या चॅट्सवर्थ रेल्वे अपघातानंतर (25 मृत्यू) धोका दिसला की ट्रेन आपोआप थांबवणारी पीटीसी नावाची यंत्रणा बसवायचा कायदा झाला, मुदत 2015 ची, काम पूर्ण झालं 2020 च्या शेवटी. उपाय चांगलाच आहे हो, पण मधली बारा वर्षं गाड्या धावतच होत्या ना, त्या काळात काय करणार हेही त्याच कागदावर लिहिलेलं हवं.

आणि मोठे अपघात क्वचित होतात म्हणून नुसत्या मृत्यूंच्या आकड्यांवरून उपाय चालतोय की नाही ते कळत नाही, थोडक्यात टळलेले प्रसंग मोजावे लागतात. नासा 1976 पासून पायलट, कंट्रोलर लोकांकडून असे रिपोर्ट घेते आणि नाव गुप्त ठेवते. ते नाव गुप्त ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण चूक सांगितली की शिक्षा होणार असेल तर कोण कशाला सांगेल?