जिंकली तर नशीब, हरली तर कुवत?

प्रश्न : माझी १६ वर्षांची मुलगी ८०० मीटर धावते. जिल्हा स्पर्धेत पहिली आली, तेव्हा "तगड्या मुली आल्याच नव्हत्या" म्हणाली. विभागीय स्पर्धेत सातवी आल्यापासून "माझ्यात ते नाहीच" म्हणत मैदानावर जाणे टाळते. तिचे वडील म्हणतात, आपल्या घराण्यातच कोणी खेळाडू नाही. मी आणखी मेहनत कर म्हटले, की ती रडते. काय करू? – एक आई, सांगली जिल्हा

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातील सातव्या क्रमांकापेक्षा पहिल्या क्रमांकाने मला अधिक काळजीत टाकले. हरल्यावर नाउमेद होणे कोणत्याही खेळाडूला चुकलेले नाही. परंतु जी मुलगी जिंकल्याचे श्रेयही स्वतःकडे घेत नाही, तिच्याजवळ पराभवाच्या दिवशी आधाराला काहीच उरत नाही. बहुतेक खेळाडू याच्या उलट वागतात : जिंकले तर कर्तृत्व आपले, हरले तर पंच किंवा मैदान वाईट. तोही दोषच, पण त्यात उमेद तरी शाबूत राहते.

बर्नार्ड वाइनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून दाखवून दिले की, अपयशाचे जे कारण आपण मानतो ते आपल्यातले आहे की बाहेरचे, कायमचे आहे की बदलणारे आणि आपल्या हातातले आहे की नाही, यावर पुढची उमेद अवलंबून असते. "माझ्यात ते नाहीच" हे कारण आतले, कायमचे आणि हाताबाहेरचे आहे. तसे मानणारी मुलगी पहाटे उठून मैदानावर कशासाठी जाईल? वडिलांचे घराण्याविषयीचे वाक्य तिचे दुःख हलके करण्यासाठी आले असेल, पण ते याच समजुतीवर शिक्कामोर्तब करते. ते पुन्हा बोलू नये, हे तुम्हीच त्यांना सांगा. (बक्षीस मिळाले की "देवाची कृपा" आणि हरली की "तुझे लक्ष नव्हते", अशी वाटणी आपल्या अनेक घरांत होते. देवापुढे पेढे जरूर ठेवावेत, पण पहिला पेढा धावणारीला द्यायला काय हरकत आहे?)

आता तुमच्या सल्ल्याविषयी. अपयश येताच हातपाय गाळणाऱ्या मुलांवर मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी केलेला प्रयोग १९७५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना केवळ यश मिळेल अशीच गणिते दिली. इतरांना अधूनमधून अपयश येऊ दिले आणि ते प्रयत्न कमी पडल्यामुळे आले, असे समजावले. नंतर अवघड गणिते समोर येताच पहिला गट पूर्वीसारखाच कोलमडला, दुसरा टिकला. म्हणजे तुमचे म्हणणे निराधार नाही. मात्र आधीच जीव तोडून सराव करणाऱ्या मुलीला ते ऐकवले, तर "एवढे करूनही जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच" असा निष्कर्ष ती काढते. तिचे रडू बहुधा त्यातूनच येते. तिला नेमके आणि खरे कारण हवे आहे.

८०० मीटर म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या, आणि या शर्यतीत घात पुष्कळदा पहिल्या फेरीतच होतो : इतरांच्या वेगामागे धावून जोर आधीच संपवला, की शेवटच्या २०० मीटरला पाय उचलत नाहीत. तिला धावण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या सरांकडे दोन्ही स्पर्धांतील वेळा असतील, तर त्या तिला स्वतःला ताडून पाहू द्या. सातवी आलेली शर्यत ती अधिक वेगाने धावली असण्याचीही शक्यता आहे. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे टोकियो ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत सातवा आला आणि त्याची अंतिम फेरी हुकली. पण त्याच शर्यतीत ८ मिनिटे १८.१२ सेकंद वेळ देऊन त्याने स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला होता. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक मिळवले. क्रमांक समोर कोण उतरले आहे यावरही ठरतो. वेळ बरीचशी आपली असते.

तिचे हिमोग्लोबिनही तपासून घ्या. या वयाच्या मुलींत रक्ताची कमतरता सर्रास आढळते, आणि ती असताना मन खंबीर करण्याचे उपदेश देणे अन्यायाचे ठरेल.

एवढे झाल्यावरही तिला धावणे सोडावेसे वाटले, तर तो निर्णय तिचा. तो एका शर्यतीच्या निकालावर घेतलेला नसावा, इतकेच पाहा. सरांना भेटायला जाल तेव्हा तिलाही बरोबर न्या, म्हणजे तिच्याविषयीची चर्चा तिच्यामागे होणार नाही.