‘मोरितुरी ते सालुतान्त’ या लॅटिन वाक्यातल्या ‘मोरितुरी’चा अर्थ काय? हा शब्द चालवायचा कसा?

‘मोरितुरी’ म्हणजे ‘मरणारे’. आपलं ‘-णारा’ नेमकं हेच काम करतं, त्यामुळे मराठी माणूस ‘मरणारे तुला वंदन करतात’ एवढं म्हणून मोकळा होतो. (मधला ‘ते’ आपला ‘ते’ नव्हे बरं का, लॅटिनमध्ये तो ‘तुला’.)

मूळ क्रियापद ‘मोरिओर’, म्हणजे मी मरतो. संस्कृत ‘मृ’चंच भावंड. रूप कर्मणीचं, अर्थ मात्र कर्तरी. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आठवून पाहा: ‘म्रियते’ आत्मनेपदी, पण भविष्यकाळात ‘मरिष्यति’, चक्क परस्मैपदी! लॅटिनमध्येही ‘मोरिओर’ कर्मणी थाटाचं आणि भविष्यकाळचं कृदन्त ‘मोरितुरुस’ सरळ कर्तरी. योगायोग म्हणा हवं तर, मला भारी आवडतो.

चालतो तो साध्या विशेषणासारखा: मोरितुरुस, मोरितुरा, मोरितुरुम. एकटा पुरुष म्हणेल ‘मोरितुरुस ते सालुतो’, एकटी बाई ‘मोरितुरा’, आणि सगळ्या बायकाच असतील तर ‘मोरितुराए’. पुल्लिंगी अनेकवचनात द्वितीया ‘मोरितुरोस’, षष्ठी ‘मोरितुरोरुम’. फसायला होतं ते एकाच ठिकाणी. षष्ठीचं एकवचनही ‘मोरितुरी’च, म्हणजे ‘मरणाऱ्याचा’. पण इथे क्रियापद ‘सालुतान्त’ अनेकवचनी आहे, तेव्हा ही प्रथमाच. ‘मोर्तुउस’ म्हणजे मेलेला. त्यात नसलेली ‘इ’ ‘मोरितुरुस’मध्ये कुठून आली म्हणून डोकं खाजवू नका. अपवाद आहे, पाठ करून टाका.

ग्लॅडिएटर, म्हणजे रोमच्या आखाड्यात लढणारे, दरवेळी हे म्हणत, असं सिनेमांमुळे वाटतं. रोमन चरित्रकार सुएटोनिअस मात्र एकाच प्रसंगात ते सांगतो. इ.स. 52, इटलीतलं फुकिनस सरोवर, क्लॉडिअस सम्राटापुढे जहाजांची लढाई. लढणारे होते शिक्षा झालेले कैदी. वाक्याआधीची त्यांची हाकही सिनेमातल्यासारखी ‘सीझर’ अशी नाही, ‘इम्पेरातोर’ (सम्राट) अशी आहे. त्यावर क्लॉडिअस म्हणाला, ‘औत नोन’, म्हणजे ‘किंवा नाही’. व्याकरणाने तो चुकला नव्हता: ‘मोरितुरी’ म्हणजे मरायच्या बेतात असलेले, मेलेले नव्हेत. कैद्यांना वाटलं, माफी मिळाली! एकही लढेना. शेवटी सम्राट आसनावरून उठला आणि काठाकाठाने लटपटत धावत, कुठे धमकावत, कुठे चुचकारत त्यांना लढायला लावू लागला.