एका जागी न बसणाऱ्या बाळाचे शब्द

प्रश्न : मुलगा 18 महिन्यांचा आहे. सांगितलेलं सगळं कळतं, पण बोलतो चार-पाचच शब्द. पुस्तक उघडलं की पळतो. काय करावं?

उत्तर : पळू द्या, शब्द त्या पळण्यालाच जोडा. उचलताना ‘वर’, उतरवताना ‘खाली’, प्रत्येक वेळी तोच शब्द आणि नेमका हालचालीच्या क्षणी. झोका मागे धरून ‘एक, दोन...’ म्हणा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेकांचं इथेच चुकतं: दोन सेकंदांत आपणच ‘तीन’ म्हणून टाकतो आणि बाळाची पाळी हुकते. त्याने नुसतं पाहिलं, अंग हलवलं, ‘ती’ म्हटलं, तरी ते बोलणंच, लगेच ‘तीन!’ म्हणून झोका सोडा. ‘बोल ना’ असा आग्रह मात्र नको, त्याने खेळच बंद पडतो. चेंडू ढकलतानाही हेच करा. तो ‘चेंडू’ म्हणाला तर तुम्ही ‘चेंडू गेला’ म्हणा, एकच शब्द वाढवून. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा पुरे. टीव्ही बंद हवा.

ऐकण्याची तपासणी आत्ताच करून घ्या. हाक मारल्यावर वळतो म्हणून टाळू नका. येणारे शब्द बोलणं थांबलं, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.