नकली घड्याळाच्या काचेत वाफ

प्रश्न : ‘रोलेक्स सबमरिनर’ची स्वस्त नक्कल घेतली. मागच्या काचेतून मशीन दिसतं. पावसात भिजल्यावर आत वाफ धरली, आता रोज चार-पाच मिनिटं मागे पडतं. दुरुस्त होईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तबकडीवर ‘३०० मीटर’ (पाण्याखाली इतक्या खोलीपर्यंत चालेल असा दावा) छापलंय, त्यावर विसंबू नका. अस्सल सबमरिनरची चावी आट्यांवर घट्ट फिरवून बसते. स्वस्त नकलेत ती बहुधा नुसती आत ढकललेली असते, रबरी रिंगही पातळ. पाणी तिथूनच शिरतं. तांदळात मुळीच ठेवू नका. कारागिराकडून झाकण आजच उघडून आतला भाग वाळवून घ्या. घड्याळाची गती राखणाऱ्या, केसाएवढ्या बारीक बॅलन्स स्प्रिंगवर गंज चढला, तर वेळ जुळवणं अशक्य होतं.

अशा घड्याळांत बहुतेकदा चिनी डीजी २८१३ मशीन असतं. ते तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ६. आजच्या अस्सल सबमरिनरचे ८. म्हणून सेकंदकाटा जरा अडखळत जातो. गंज लागला असेल तर सर्व्हिसिंगवर पैसे घालवू नका, तेच मशीन नवं बसवणं स्वस्त पडतं. सोबत रिंगही बदला.

आणि सबमरिनरला मागे काच नसतेच. नक्कल ओळखायला ही एक खूण पुरे. हा धंदा जुना आहे : १८व्या शतकातही युरोपात इतरत्र बनलेली घड्याळं ‘लंडन’ कोरून विकली जात.